सतराचा पाढा

कुर्ला कोर्टाच्या भिंतीला, निळ्या ताडपत्रीखाली
एकतीस वर्षं मी लोकांची गाऱ्हाणी
डावीकडे दीड इंच समास सोडून टाइप करतोय.
आधी रेमिंग्टनवर, आता या लॅपटॉपवर.
त्याचं 'ळ'चं बटण निघालंय,
'शाळा' लिहायची तर दर वेळी
आगपेटीची काडी टोचावी लागते.

यशोधरा गमरे आल्या बुधवारी, दीडच्या सुमारास.
औषधाच्या दुकानाच्या पिशवीत कागद,
मागून मुलगी, वॉकर ढकलत.
गटाराच्या झाकणात चाक अडकलं.
मी उठलो, तर बाई म्हणाल्या, 'बसा. तिला येतं.'
आलं तिला.
तेवढ्यात माझा चहा निवला, इतकंच.

मी सवयीने सुरू केलं,
'महोदय, नम्र विनंती की'
'नम्र काढा.'
काढलं.
'विनंतीही काढा.'
मग वाक्यात उरतं काय, बाई?
'मागणी. दोन हजार सोळाचा कायदा, कलम सोळा.'
कुणी आपला चाळ नंबर, खोली नंबर सांगावा
तसं त्यांनी कलम सांगितलं.

चौथीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर.
तळमजल्यावर एक खोली आहे,
तिच्यात गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे डोंगर,
एक थर्माकोलचा किल्ला, बुरूज तुटलेला.
किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात.
वर्ग खाली आणा, एवढंच म्हणणं.
शाळा म्हणते, एकीसाठी चाळीस मुलांना का हलवायचं?
शाळा म्हणते, आम्हाला सहानुभूती आहे.
'तेही लिहा,' बाई म्हणाल्या,
'अवतरणचिन्हांत.'

जूनपासून पारमिता गमरे, वय साडेनऊ,
जिन्याखाली बसते, शिपायाच्या स्टुलाशेजारी.
हजेरीपटावर रोज: हजर.
गैरहजेरीचे अर्ज मी ढिगाने केलेत,
आजारी होतो, गावी होतो, समन्स पोचलंच नाही.
हजेरीविरुद्धची तक्रार
पहिल्यांदाच टाइप केली.

मग मुलगी बोलू लागली.
'पा... ढे...'
'येत नाहीत?' मी मदत केली.
तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून.
मी मध्ये बोललो की ती पुन्हा पहिल्यापासून.
तिसऱ्या खेपेला मी बटणांवरचे हात उचलून
मांडीवर ठेवले.

पाढे जिन्यातून खाली येतात, तिचं म्हणणं.
वीसपर्यंत तिने असेच पकडलेत, नुसत्या आवाजावरून,
शिपाई स्टुलावर डुलक्या घेत असताना.
सतराचा तेवढा राहिला.
त्या दिवशी पाण्याचा पंप चालू होता.

मुद्दा क्रमांक सहा, नुकसान:
'अर्जदाराच्या मुलीचा सतराचा पाढा बाकी आहे.'
असलं वाक्य अर्जात बसत नाही.
बसवलं.

प्रिंट निघेपर्यंत मला राहवलं नाही.
सतरा एके सतरा, म्हटलं, सतरा दुणे चौतीस,
सतरा त्रिक
तिने वॉकर जमिनीवर आपटला. एकदाच.
मी थांबलो. या वेळी थांबता आलं.
'इथं...' ती म्हणाली,
आणि मध्ये बरंच काही गेलं,
एक टेम्पो, आतून पुकाऱ्याची हाक,
दोन भावांचं एका गाळ्यावरून भांडण,
'नको.'
मग आणखी थोड्या वेळाने,
'वर्गात.'

बाईंनी तीन प्रती घेतल्या, एक पोच घ्यायला.
वाचून पाहिल्या, उभ्या उभ्या, सहाव्या मुद्द्यापर्यंत.
पैसे मोजून दिले
आणि पावती मागितली.

एकतीस वर्षांत मी कुणाला पावती दिली नव्हती.
कोरा कागद घेतला,
तारीख घातली.